युद्धकाळातील ‘गृहसेवा’ : नभोवाणीचा एक दिवस

दुसऱ्या महायुद्धाचा जो इतिहास आपण विद्यार्थ्यांस शिकवितो, तो बहुधा आघाड्यांचा, तहांचा आणि सेनापतींचा असतो. डंकर्क, स्टालिनग्राड, नॉर्मंडी ही नावे त्यांना पाठ असतात. परंतु त्या सहा वर्षांत ज्यांनी कधी बंदूक हाती धरली नाही, अशा कोट्यवधी माणसांचे दिवस कसे उगवले आणि कसे मावळले, ह्याचा मागोवा घ्यावयाचा तर साधने वेगळी शोधावी लागतात. असे एक साधन म्हणजे नभोवाणीची दैनिक कार्यक्रमपत्रिका होय. तीत युद्धाचे वर्णन फारसे नसते. सात वाजता बातम्या, सव्वाआठ वाजता स्वयंपाक, अकरा वाजता शाळा, नऊ वाजता पुन्हा बातम्या, एवढेच तीत लिहिलेले असते. पण कोणत्या प्रहरी कोण घरी आहे, त्याला काय हवे आहे आणि त्याच्याशी कोणत्या आवाजात बोलावयाचे, ह्याचा पुष्कळ विचार ती पत्रिका आखणाऱ्यांनी केलेला असतो. त्या विचाराचा शोध घ्यावा, ह्या हेतूने आम्ही ब्रिटनच्या नभोवाणीचा 1941-42 च्या हिवाळ्यातील एक साधा कामाचा दिवस येथे विचारार्थ घेतला आहे. आठवड्याच्या वारांप्रमाणे कार्यक्रम बदलत असत. म्हणून ज्या कार्यक्रमाचा वार ठरलेला होता, तेथे तो सांगितला आहे.

प्रथम ह्या सेवेच्या जन्माविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. युद्धापूर्वी बी. बी. सी.चे दोन प्रकारचे कार्यक्रम चालत. एक सर्व राष्ट्रासाठी आणि दुसरा निरनिराळ्या प्रदेशांसाठी. दिनांक 1 सप्टेंबर 1939 रोजी हे दोन्ही बंद होऊन त्यांच्या जागी एकच ‘होम सर्व्हिस’, म्हणजे गृहसेवा, सुरू झाली. त्याच दिवशी लंडनचे बाल्यावस्थेतील दूरचित्रवाणी केंद्रही बंद करण्यात आले. ह्यामागील कारण मुख्यतः लष्करी होते. एखादा प्रक्षेपक एका ठिकाणाहून एकाच लहरीवर बोलत राहिला, तर शत्रूच्या वैमानिकाला त्याच्या रोखाने दिशा ठरविता येते. म्हणून दूरदूरच्या अनेक प्रक्षेपकांवरून एकच कार्यक्रम एकाच लहरीवर एकाच क्षणी सोडावयाचा, म्हणजे वैमानिकाला त्यांतील कोणताही एक वेगळा काढता येऊ नये, अशी योजना होती. हवाई हल्ला जवळ आला की त्या भागातील प्रक्षेपक बंद करीत. दूरच्या प्रक्षेपकांचा आवाज मात्र क्षीण स्वरूपात येत राही. पुष्कळ श्रोत्यांना भोंग्याच्या आधी हा आवाज मंदावणे हीच हल्ल्याची सूचना ठरे. हवामानाचा अंदाज तर युद्ध संपेपर्यंत सांगितलाच गेला नाही. कारण उद्याचा पाऊस ही माहिती शत्रूलाही तितकीच उपयोगाची होती.

पहिल्या काही आठवड्यांत ह्या सेवेने लोकांची निराशाच केली. सरकारी सूचना, वारंवार त्याच त्या बातम्या, ध्वनिमुद्रिका आणि सँडी मॅक्फर्सन ह्यांचे ऑर्गनवादन ह्यांवरच दिवस काढला जाई. मॅक्फर्सन हे गुणी वादक. परंतु दिवसातून अनेकदा एकच वाद्य ऐकावे लागल्याने लोक कंटाळले आणि वृत्तपत्रांतून टीका होऊ लागली. ज्या बाँबवर्षावाच्या भीतीने करमणूक बंद केली होती, तो त्या शरद ऋतूत झालाच नाही. दिवेबंदीमुळे मात्र संध्याकाळी घराबाहेर पडणे कठीण झाले होते. तेव्हा युद्धकाळी लोकांना घरात केवळ सूचना पुरत नाहीत, हे चालकांच्या ध्यानी आले. 1940 च्या आरंभी सैनिकांसाठी हलक्याफुलक्या करमणुकीचा स्वतंत्र कार्यक्रम निघाला. तो घरोघरीही आवडीने ऐकला जाई. गृहसेवाही हळूहळू सावरली आणि दोन वर्षांत तिच्या दिवसाला एक निश्चित घडण आली.

तो दिवस सकाळी सात वाजता बातम्यांनी उजाडे. त्यानंतर काही मिनिटे व्यायाम असे. पुरुषांसाठी वेगळा आणि स्त्रियांसाठी वेगळा. आठाला पाच मिनिटे कमी असताना एक छोटे धार्मिक चिंतन होई आणि आठाला पुन्हा बातम्या. सव्वाआठ वाजता ‘द किचन फ्रंट’ हा कार्यक्रम लागे. ह्या नावाचा अर्थच ‘स्वयंपाकघराची आघाडी’ असा होतो. जानेवारी 1940 मध्ये लोणी, साखर आणि डुकराचे खारवलेले मांस ह्यांवर नियंत्रण आले. मार्चमध्ये इतर मांसावर आणि जुलैमध्ये चहावर आले. बाहेरून येणारे धान्य जर्मन पाणबुड्यांच्या तडाख्यातून वाचून किनाऱ्याला लागावयाचे होते. म्हणून घरात जे पिकते, विशेषतः बटाटा आणि गाजर, त्यांतूनच पोट कसे भरावे, हे सांगण्यासाठी अन्नखात्याने आणि नभोवाणीने मिळून जून 1940 मध्ये हा पाच मिनिटांचा कार्यक्रम सुरू केला. वेळ सव्वाआठची अशासाठी की गृहिणीने तो ऐकावा आणि मग बाजारच्या रांगेत उभे राहावे. फ्रेडी ग्रिझवुड ह्यांच्या गप्पा, एल्सी आणि डोरिस वॉटर्स ह्या भगिनींचे विनोदी संवाद, ‘रेडिओ डॉक्टर’ चार्ल्स हिल ह्यांच्या पोटाच्या तक्रारींविषयीच्या रोखठोक सूचना असा त्याचा थाट असे. उपदेश असे, पण तो शेजारणीच्या तोंडून आल्यासारखा असे.

ह्या स्वयंपाकघरात एक मराठी आवाजही पोचला होता, हे आपणांपैकी फार थोड्यांस ठाऊक असेल. महाराष्ट्रातून विलायतेस गेलेल्या वेणू चितळे ह्यांनी युद्धकाळी बी. बी. सी.त काम केले आणि ‘द किचन फ्रंट’मधून इंग्रज गृहिणींना भारतीय पद्धतीचे शाकाहारी पदार्थ समजावून सांगितले. मांसाचा शिधा अपुरा पडू लागल्यावर भाजी रुचकर करण्याची विद्या ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती, त्यांच्याकडे इंग्लंडला वळावे लागले, असे म्हणावयास हरकत नाही. पुढे त्यांनी बी. बी. सी.च्या पौर्वात्य विभागात जॉर्ज ऑर्वेल ह्यांच्यासमवेत भारतासाठीच्या कार्यक्रमांतही काम केले. त्यांची ‘इन ट्रान्झिट’ ही इंग्रजी कादंबरी 1950 मध्ये प्रसिद्ध झाली. मराठी वाङ्मयाच्या आणि मराठी माणसांच्या इतिहासात ह्या बाईंची नोंद ठळक व्हावयास हवी होती. ती झाली नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

सव्वादहा वाजता दैनिक उपासना होई. नंतर दिवसाचा मधला भाग दोघांचा असे, विद्यार्थ्यांचा आणि कामगारांचा. सप्टेंबर 1939 च्या पहिल्या काही दिवसांत सुमारे पंधरा लाख लोक, मुख्यत्वे मुले आणि लेकुरवाळ्या स्त्रिया, शहरांतून खेड्यांत हलविण्यात आले होते. शाळांच्या इमारती लष्कराने वा संरक्षकदलांनी घेतल्या होत्या. एका खेड्याच्या शाळेत दोन शाळा पाळीपाळीने भरत होत्या. पुस्तके मागे राहिली होती आणि तरुण शिक्षक सैन्यात गेले होते. अशा वेळी नभोवाणीवरील शालेय पाठ हा एक मोठा आधार ठरला. ‘सिंगिंग टुगेदर’ हा सामुदायिक गायनाचा पाठ सप्टेंबर 1939 मध्ये सुरू झाला आणि सोमवारी सकाळी तो देशभरच्या वर्गांत एकाच वेळी गायिला जाऊ लागला. शिक्षकाच्या दृष्टीने ह्याचे महत्त्व आम्हांस विशेष वाटते. घर सुटले, गाव सुटले, गुरुजीही बदलले. परंतु अकराच्या ठोक्याला तोच आवाज, तेच गाणे आणि तीच चाल मुलाला भेटत होती. मुलाच्या मनाला सुरक्षितपणा देणाऱ्या गोष्टींत अशा नियमितपणाला फार वरचे स्थान आहे.

कामगारांचा विचारही असाच बारकाईने झाला होता. जून 1940 पासून ‘म्यूझिक व्हाइल यू वर्क’ हा संगीताचा कार्यक्रम रोज सकाळी साडेदहा आणि दुपारी तीन वाजता अर्धा अर्धा तास चाले. पाळी सुरू होऊन दोन-तीन तास झाले की हात मंदावतात, ह्या अनुभवावरून ह्या वेळा निवडल्या होत्या. संगीत कोणते असावे ह्याचेही नियम होते. फार संथ चाल नको, लय मध्येच बदलावयास नको, आणि यंत्राच्या घरघरीत बुडून जाईल असा नाजूकपणा नको. टाळ्यांच्या ठेक्याचे एक अमेरिकन गाणे तर ह्या कार्यक्रमातून वर्ज्यच करण्यात आले. कारण ते लागताच कामगार हातातील अवजारांनी यंत्रांवर ठेका धरतील, अशी धास्ती वाटू लागली. मे 1941 मध्ये ‘वर्कर्स प्लेटाइम’ सुरू झाला. त्यात गायक आणि विनोदी नट प्रत्यक्ष कारखान्याच्या भोजनगृहात जात आणि साडेबाराच्या सुट्टीत तेथूनच कार्यक्रम प्रक्षेपित होई. कारखान्याचे नाव मात्र गुप्त ठेवीत. ‘देशात कोठेतरी’ एवढेच सांगत. तेथील हशा आणि टाळ्या घरोघरी ऐकू येत. ज्या घरातील मुलगी प्रथमच कारखान्यात गेली होती, त्या घरच्या आईला ती कोठे असते आणि कशी हसते, ह्याची थोडी कल्पना तरी त्यामुळे येई.

संध्याकाळी पाच वाजता काही मिनिटे वेल्श भाषेत बातम्या होत. त्यांचा विचार पुढे करावयाचा आहे. त्यानंतर मुलांचा कार्यक्रम लागे. ह्याच कार्यक्रमातून दिनांक 13 ऑक्टोबर 1940 रोजी चौदा वर्षांच्या राजकन्या एलिझाबेथ ह्यांनी घर सोडून गेलेल्या मुलांसाठी आपले पहिले भाषण केले होते. सहा वाजता बातम्या. त्यानंतर संगीत, नाटक, शेतीविषयक वा ज्ञानविषयक भाषणे. गुरुवारी साडेआठ वाजता टॉमी हँड्ले ह्यांचा ‘इट्स दॅट मॅन अगेन’ हा विनोदी कार्यक्रम असे. आद्याक्षरांवरून त्याला ‘इटमा’ म्हणत. सरकारी खात्यांची आद्याक्षरी नावे, फॉर्मांचे गठ्ठे, नियमांवरचे नियम ह्या सर्वांची त्यात यथेच्छ टिंगल होई. फुन्फ नावाचा एक जर्मन हेर त्यात दूरध्वनीवरून घोगऱ्या आवाजात धमक्या देई, आणि लहान मुले दूरध्वनी उचलताच त्याची नक्कल करीत. हेरांच्या अफवांनी भयभीत झालेल्या समाजाने त्याच हेराला घरातले हसण्याचे निमित्त करून टाकले. आपल्याच सरकारच्या कारभाराला सरकारी पाठबळाच्या नभोवाणीवरून हसता येते, ही गोष्ट श्रोत्याच्या मनात काय घडवीत असेल, ह्याचा विचार वाचकांनी अवश्य करावा.

नऊ वाजता मात्र घर स्तब्ध होई. नोव्हेंबर 1940 पासून ह्या वेळी लंडनच्या ‘बिग बेन’चे टोल ऐकविले जाऊ लागले, आणि ते ऐकताना एक मिनिट मूक प्रार्थना करण्याची प्रथा अनेक घरांत रूढ झाली. टोल संपले की बातम्या. युद्धापूर्वी बातम्या सांगणाऱ्याचे नाव सांगण्याची पद्धत नव्हती. 1940 मध्ये आक्रमणाचे संकट दिसू लागल्यावर, शत्रूने खोट्या निवेदकाकरवी खोटे आदेश देऊ नयेत म्हणून, निवेदक स्वतःचे नाव सांगू लागले. फ्रँक फिलिप्स, आल्व्हर लिडेल, ब्रूस बेलफ्रेज ही नावे मग आप्तांच्या नावांसारखी घरोघरी झाली. दिनांक 15 ऑक्टोबर 1940 रोजी रात्री बी. बी. सी.च्या इमारतीत शिरलेला बाँब नऊच्या बातम्या चालू असताना फुटला. त्यात सात कर्मचारी मृत्यू पावले. श्रोत्यांना केवळ एक दबका आवाज ऐकू आला. बेलफ्रेज क्षणभर थांबले, आणि कागदावर पडलेली धूळ झटकून त्यांनी बातम्या पुढे चालू ठेविल्या. रात्री बारा वाजता शेवटच्या बातम्या होऊन गृहसेवेचा दिवस मावळे.

आता प्रश्न असा, की ह्या आवाजावर लोकांचा विश्वास का बसला? नियमितपणा हे एक कारण होय. पण तेवढे पुरे नाही. जर्मनीची नभोवाणीही नियमित होती. हँबुर्गहून इंग्रजीत बोलणारा विल्यम जॉइस ब्रिटनमध्ये ‘लॉर्ड हॉ-हॉ’ ह्या टोपणनावाने प्रसिद्ध होता. 1940 च्या आरंभी बी. बी. सी.ने केलेल्या पाहणीत असे आढळले, की प्रौढांपैकी सहांत एक जण हँबुर्गची नभोवाणी नेमाने ऐकतो आणि सहांत तिघे अधूनमधून ऐकतात. म्हणजे लोकांना दुसरा आवाज उपलब्ध होता आणि ते तो ऐकतही होते. त्यांना कोणी कोंडून ठेविले नव्हते. तरी अखेरीस त्यांनी गृहसेवेलाच आपले मानले. ह्याचे मुख्य कारण आमच्या मते असे, की गृहसेवेने वाईट बातमी सांगण्याची सवय ठेविली होती. नॉर्वेतील माघार, फ्रान्सचा पाडाव, 1942 मधील सिंगापूरचा पाडाव ह्या गोष्टी तिने आपल्या श्रोत्यांना सांगितल्या. ज्याने काल पराभव सांगितला, त्याने आज विजय सांगितला तर तो खरा वाटतो.

परंतु हा विश्वास सर्वथा निर्दोष होता, असे मानणेही इतिहासाला धरून होणार नाही. जून 1940 मध्ये ‘लँकास्ट्रिया’ हे जहाज फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ बुडून हजारो माणसे मेली. ती बातमी सरकारी आज्ञेने पाच आठवडे दाबून ठेवण्यात आली. दिनांक 15 सप्टेंबर 1940 च्या हवाई लढाईत जर्मनांची 185 विमाने पाडल्याचे जाहीर झाले. खरा आकडा सुमारे 60 होता, हे युद्धानंतर कागदपत्रांवरून सिद्ध झाले. ह्यांपैकी दुसरी चूक काहीशी समजण्यासारखी आहे, कारण एकच पडलेले विमान अनेक वैमानिक आपापल्या खात्यावर मांडीत. पहिली गोष्ट मात्र हेतुपुरस्सर होती. तसेच 1940 च्या उन्हाळ्यात जे. बी. प्रीस्टली ह्यांची रविवार रात्रीची छोटी भाषणे अफाट लोकप्रिय झाली. परंतु युद्धानंतर समाजरचना अधिक न्याय्य व्हावी असे ते बोलू लागताच सत्ताधारी पक्षात नाराजी पसरली, आणि 1941 मध्ये दुसरी भाषणमाला आटोपल्यावर त्यांना पुन्हा ती जागा मिळाली नाही. घरातही काही विषय बोलावयाचे नसतात. ते कोणते, हे घरातील वडीलधारी ठरवितात. गृहसेवेतही तसेच होते.

येथे आपण मघाशी राखून ठेविलेल्या भाषेच्या प्रश्नाकडे येतो. प्रीस्टली हे यॉर्कशरमधील ब्रॅडफर्डचे, आणि त्यांच्या बोलण्यात त्या प्रांताचा उच्चार स्पष्ट होता. लोकांना तो आवडला. पण ते भाषणकर्ते होते. बातम्या हा वेगळा प्रांत. नोव्हेंबर 1941 मध्ये यॉर्कशरच्याच हॅलिफॅक्स गावचे विल्फ्रेड पिकल्स ह्यांची बातम्या सांगण्यासाठी लंडनमध्ये नेमणूक झाली. ह्या प्रादेशिक उच्चाराची नक्कल जर्मनांना साधणार नाही, असाही एक हिशेब त्यामागे होता. पिकल्स ह्यांनी बातम्या नीट सांगितल्या. उत्तरेकडील लोकांना शुभरात्र म्हणताना मात्र आपल्या गावचा उच्चार तसाच ठेविला. त्यावर देशभर चर्चा झाली, व्यंगचित्रे निघाली, कौतुकाची पत्रे आली आणि तक्रारींचीही आली. अशा आवाजात सांगितलेली बातमी खरी वाटत नाही, असे म्हणणारे श्रोतेही निघाले. काही महिन्यांतच पिकल्स उत्तरेकडे परतले.

हा प्रसंग हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बातमी तीच, शब्द तेच, केवळ स्वर वेगळा. तरी सत्य डळमळल्यासारखे वाटले. सत्याला एक ठराविक प्रतिष्ठित उच्चार असतो, असा समज किती खोलवर रुजलेला असतो, ह्याचे हे उत्तम उदाहरण होय. वेल्श भाषेची गोष्ट ह्याहून बिकट. युद्धापूर्वी वेल्सला स्वतःचा प्रादेशिक कार्यक्रम होता. गृहसेवा एक झाली तेव्हा तो गेला, आणि त्या भाषेच्या वाट्याला संध्याकाळच्या काही मिनिटांच्या बातम्या आणि थोडे इतर कार्यक्रम एवढेच उरले. लष्करी कारण खरे होते, हे मान्यच. तथापि घर एक करावयाचे म्हटले की कोणाची भाषा ओसरीवर जाते आणि कोणाची माजघरात राहते, हेही त्या पत्रिकेत स्पष्ट वाचता येते. प्रादेशिक कार्यक्रम पुन्हा सुरू झाले ते जुलै 1945 मध्ये. आपल्या अकादमीचे वाचक बेळगावचे असोत, गोव्याचे असोत, इंदूर-ग्वाल्हेरचे असोत वा वडोदरा-हैदराबादचे असोत. मराठी बोलताना ‘हे कोठले मराठी?’ असा प्रश्न त्यांनी कधी ना कधी ऐकलेलाच असतो. त्यांना पिकल्स ह्यांची कथा परकी वाटू नये.

आता आपल्याकडे वळू. कारण ह्याच संस्थेचा आवाज त्याच काळात भारतातही येत होता. मे 1940 मध्ये झुल्फिकार अली बुखारी ह्यांच्या नेतृत्वाखाली बी. बी. सी.ची हिंदुस्थानी सेवा सुरू झाली, आणि 1942 मध्ये मराठीतूनही बातम्या सुरू झाल्या. भारतात नभोवाणीचा प्रसार त्या वेळी अगदी मर्यादित होता. युद्ध सुरू झाले तेव्हा ब्रिटनमध्ये सुमारे नव्वद लाख परवाने होते. येथे ते लाखाच्या आत होते. ऑल इंडिया रेडिओखेरीज हैदराबाद, औरंगाबाद, वडोदरा अशा ठिकाणी संस्थानिकांची केंद्रेही चालली. ज्याच्या घरी यंत्र असे, त्याच्या ओट्यावर संध्याकाळी आळी गोळा होई. ऐकणारे थोडे आणि ऐकलेले पुढे सांगणारे पुष्कळ, अशी तेव्हाची स्थिती होती.

ह्या श्रोत्याने लंडनच्या वा दिल्लीच्या आवाजावर तसा विश्वास ठेविला नाही. निवेदकांत गुण नव्हते म्हणून नव्हे. भारताला न विचारता भारत युद्धात ओढला गेला होता, आणि ऑगस्ट 1942 मध्ये ‘चले जाव’चा ठराव होताच राष्ट्राचे नेते तुरुंगात गेले होते. जे देशात घडत होते, ते सरकारी नभोवाणी सांगत नव्हती. ऑल इंडिया रेडिओला लोक ‘अँटी इंडिया रेडिओ’ म्हणू लागले होते. त्याच महिन्यात मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ सुरू केला. जागा वारंवार बदलून, पोलिसांना चुकवीत, तो नोव्हेंबर 1942 पर्यंत चालला. दिनांक 12 नोव्हेंबर रोजी चालू कार्यक्रमातच धाड पडून तो बंद झाला आणि उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली. ऑगस्ट 1942 मध्ये विदर्भातील आष्टी आणि चिमूर येथे जे घडले, आणि नंतर चिमूरच्या स्त्रियांवर जे अत्याचार झाले, त्यांची हकीकत ह्या नभोवाणीने लोकांना सांगितली. चिमूरच्या चौकशीसाठी प्रा. भन्साळी ह्यांनी 63 दिवस उपोषण केले. त्या उपोषणाच्या बातम्या छापण्यासही सरकारने बंदी घातली, आणि तिच्या निषेधार्थ दिनांक 6 जानेवारी 1943 रोजी देशातील अनेक वृत्तपत्रांनी आपले अंक बंद ठेविले. सुभाषबाबूंच्या ‘आझाद हिंद रेडिओ’वरून मराठीसह अनेक भारतीय भाषांत कार्यक्रम येत, आणि लोक दारे लावून ते ऐकत. ब्रिटनमधील श्रोता हँबुर्ग ऐकून पुन्हा स्वतःच्या गृहसेवेकडे येई. भारतीय श्रोत्याला परतण्यासारखी स्वतःची गृहसेवाच नव्हती. भारतासाठीच्या विभागात दोन वर्षे काम केल्यानंतर जॉर्ज ऑर्वेल ह्यांनी 1943 मध्ये राजीनामा दिला, तो आपले श्रम आणि सार्वजनिक पैसा व्यर्थ जात आहेत, अशा जाणिवेने दिला. निवेदन उत्तम, वाङ्मयीन दर्जा उंच, टी. एस. एलियट ह्यांच्यासारखे कवी बोलावयास आलेले. तरीही त्या कार्यक्रमांना भारतात घर मिळाले नाही, ते ह्यामुळे.

ह्या दोन बाजू एकत्र ठेवून पाहिल्या म्हणजे गृहसेवेच्या त्या दिवसाचा अर्थ अधिक उलगडतो. तिचे यश कौशल्याचे होतेच. वेळा अचूक निवडल्या होत्या, गृहिणी, मूल, कामगार, म्हातारा ह्या प्रत्येकासाठी एकेक प्रहर राखून ठेविला होता. परंतु त्या कौशल्याला फळ आले, ते बोलणारा आणि ऐकणारा एकाच छपराखाली होते म्हणून. निवेदकावर बाँब पडत होता आणि श्रोत्यावरही पडत होता. शिधा दोघांचाही तोलून मिळत होता. वाईट बातमी सांगणाऱ्याचेही त्या बातमीत नुकसान होते. जेथे हे छप्पर समाईक नव्हते, तेथे तीच संस्था, तितक्याच गुणी माणसांकरवी बोलूनही, परकीच राहिली. आणि छप्पर समाईक असतानाही पिकल्स ह्यांचा उच्चार आणि वेल्श भाषा ह्यांना जागा देताना ते घर कुरकुरले, हेही विसरता कामा नये.

इतिहासाच्या शिक्षकांना ह्यातून एक व्यवहार्य सूचना करावीशी वाटते. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांसमोर अशी एका दिवसाची कार्यक्रमपत्रिका ठेवावी आणि त्यांना विचारावे : सव्वाआठला घरी कोण असेल? अकराला कोण ऐकत असेल? हवामान का सांगितले नाही? कोणाचा आवाज ह्यात नाही? ह्या प्रश्नांची उत्तरे शोधताना मुलगा युद्धाचे अर्थकारण, स्त्रियांचे श्रम, भाषेची प्रतिष्ठा आणि सत्तेची मर्यादा ह्या चारही गोष्टींपर्यंत आपसूक पोचतो. अकादमीच्या सभासदांना विनंती अशी, की आपापल्या गावच्या वृद्धांकडून त्या काळच्या ऐकण्याच्या आठवणी लिहून घ्याव्यात. कोणाच्या ओट्यावर यंत्र होते, कोणते केंद्र लागत असे, कोणत्या भाषेतील बातम्या कोणी समजावून सांगत असे, हे सांगू शकणारी माणसे आता फारच थोडी उरली आहेत. हैदराबाद संस्थानातील, वडोद्यातील, पोर्तुगीज अमलाखालील गोव्यातील मराठी घराने त्या वर्षांत काय ऐकले, ह्याचा इतिहास मुंबई-पुण्याच्या ग्रंथांत मिळावयाचा नाही. तो ज्या त्या गावानेच लिहावयास हवा, आणि ज्या त्या गावच्या मराठीत लिहिला तरी तो तितकाच खरा असेल.